लाइफटाइम लिहिल्याने आयुष्य वाढत नाही

रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला लागलेली मंडळी एक गोष्ट हमखास करतात, कंपायलर (कोड तपासून मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) म्हणाला की ही व्हॅल्यू पुरेशी जगत नाहीये, की लगेच फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये, म्हणजे ते काय घेतं आणि काय परत देतं हे सांगणाऱ्या ओळीत, लाइफटाइमची (रेफरन्स, म्हणजे व्हॅल्यूचा पत्ता, किती काळ चालेल याची) खूण टाकतात, नाही जमलं तर अजून एक, तरी नाही तर थेट स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रॅम संपेपर्यंत. पण पत्रिकेत शंभर वर्षं लिहिली म्हणून माणूस शंभर वर्षं जगतो का? तसंच हे. त्या खुणेने व्हॅल्यू एक क्षणही जास्त जगत नाही, कोण कोणावर अवलंबून आहे एवढंच ती सांगते.

मुळात भानगड काय ते बघा, मला हा भाग फार आवडतो. एक वेक्टर आहे, म्हणजे वाढू शकणारी यादी, त्यात चार आकडे, जागाही चारचीच. पहिल्या आकड्याचा रेफरन्स घेतला, म्हणजे त्याचा मेमरीतला पत्ता. आता पाचवा आकडा पुश केला, म्हणजे शेवटी जोडला. जागा संपलेली, म्हणून वेक्टर दुसरीकडे आठची जागा घेतो, आकडे तिकडे हलवतो आणि जुनी जागा सोडून देतो. आपल्याकडचा पत्ता मात्र जुन्याच घराचा! सी++ मध्ये हे बिनबोभाट कंपाइल होतं, आणि वाईट म्हणजे कधीकधी उत्तरही बरोबर येतं, कारण जुन्या जागेवर अजून कोणी काही लिहिलेलं नसतं, टेस्ट पास होते आणि बग महिन्यांनी उगवतो.

रस्टचा नियम असा की वाचणारे कितीही चालतील, पण बदलणारा असेल तर तो एकटाच. पुशला बदलायचा हक्क लागतो आणि आपला वाचणारा रेफरन्स पुढे वापरायचाय, म्हणून एरर ई०५०२. तोच आकडा पुशच्या आधी प्रिंट करून मोकळे झालात तर चालतं, कारण २०१८ च्या एडिशनपासून बॉरो, म्हणजे रेफरन्स घेऊन उसना घेतलेला हक्क, शेवटच्या वापरापर्यंतच धरतात, ब्लॉकच्या शेवटच्या कंसापर्यंत नाही. कंपायलर कंट्रोल फ्लो ग्राफवर, म्हणजे कोड कुठून कुठे जाऊ शकतो त्या नकाशावर, प्रत्येक बिंदूला विचारतो, हा रेफरन्स इथून पुढे वापरला जाऊ शकतो का? ज्या बिंदूंना उत्तर हो, ते सगळे मिळून लाइफटाइम. आणि फंक्शन कॉल करणाऱ्याला आतला कोड दिसत नाही, फक्त सिग्नेचर दिसतं, म्हणून दोन रेफरन्स घेऊन एक परत देताना तो कुठला ते आपणच लिहायचं. हे सगळं कंपाइल होतानाच, प्रोग्रॅम चालताना खर्च शून्य.

रस्टमध्ये लिहिलंय म्हणजे बग नाहीत असं सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका, लॉजिक चुकतं, डेडलॉक होतो (दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकतात), मेमरी लीकसुद्धा होते (घेतलेली जागा परत सोडलीच जात नाही). पण मायक्रोसॉफ्टनेच २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुमारे ७० टक्के सुरक्षा त्रुटी मेमरीच्या चुकांमुळे असतात, आणि त्यातल्या बऱ्याच इथे कंपाइलच होणार नाहीत.

तर पुढच्या वेळी तो एरर आला की खूण टाकण्याआधी बघा, या व्हॅल्यूचा मालक कोण आणि तो कधी संपतो. फंक्शनच्या आत बनवलेल्या स्ट्रिंगचा रेफरन्स बाहेर देत असाल तर कुठलीही खूण उपयोगाची नाही, अख्खी स्ट्रिंगच देऊन टाका.