मुंबईची वीज गेली तेव्हा वीज कमी नव्हती

वीज गेली की दोन निष्कर्ष हमखास ऐकू येतात. एक, वीज कमी पडली असणार. दुसरा, 'ग्रिड' नावाचं केंद्र सरकारचं काहीतरी बिघडलं असणार. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज गेली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, तेव्हा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते. राज्यात वीज होती आणि देशाचं ग्रिड जागेवर होतं. तुटला होता तो ती वीज शहरात आणणारा रस्ता, मुख्यतः कळवा–पडघे हा ४०० केव्हीचा (म्हणजे चार लाख व्होल्टचा) मार्ग. पुढे सायबर हल्ल्याची चर्चा बरीच रंगली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चूक हेच कारण सांगितलं. कुठल्या संगणकात संशयास्पद फाइल सापडणं आणि तिनेच उपकेंद्रातला ब्रेकर, म्हणजे लाइन तोडणारा मोठा स्विच, उघडणं, या दोहोंमध्ये बरंच अंतर आहे.

वीज हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय. आंतरराज्य वाहिन्या मुख्यतः केंद्राच्या कंपन्या बघतात, पण राज्यातल्या ४००, २२० आणि १३२ केव्हीच्या जाळ्याचं नियोजन महापारेषण या राज्याच्या वीजवहन कंपनीकडे असतं. खर्चाला मंजुरी राज्याचा वीज नियामक आयोग देतो. मनोऱ्यांसाठी जागा, मोबदला आणि बऱ्याच परवानग्या राज्याच्या यंत्रणेतून येतात. रोजचा कारभार ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र चालवतं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून कोणत्या भागात कोणी किती वीज द्यायची आणि घ्यायची ते तिथे ठरतं. कोणती लाइन कधी दुरुस्तीला सोडायची, हेही तिथेच.

नियोजनाचा मूळ नियम 'एन वजा एक' असा आहे. कोणतीही एक लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर अचानक गेला तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे. एक लाइन दुरुस्तीला सोडली की ही सवलत वापरून झाली. मग दुसरी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, तर तिचा भार शेजारच्या लाइनवर पडतो, ती तापते, तिची रिले (धोका ओळखून ब्रेकरला आदेश देणारं उपकरण) तिला सोडते आणि साखळी सुरू होते. मुंबईला पर्याय मुळातच कमी. समुद्र, खाडी, खारफुटी आणि दाट वस्ती यांतून मनोरे न्यायचे असतात. खारघर–विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी एका दशकाहून जास्त काळ कागदावर राहिली आणि २०२३ मध्ये सुरू झाली.

रस्ते तुटले तरी शहर वाचावं म्हणून १९८१ पासून मुंबईला आयलँडिंगची व्यवस्था आहे. बाहेरचं ग्रिड कोसळू लागलं की ठरलेले ब्रेकर आपोआप उघडतात आणि ट्रॉम्बे, डहाणू, भिरा यांसारख्या वीजनिर्मिती केंद्रांच्या जोरावर शहर स्वतंत्र बेट म्हणून चालत राहतं. २०२० मध्ये ही व्यवस्था शहराला वाचवू शकली नाही. बेट तगवणं का अवघड असतं, ते थोडं आकडेमोडीनेच पाहू.

ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की फरक भरून निघतो तो फिरत्या टर्बाइन आणि जनित्रांच्या गतिज ऊर्जेतून. रसवंतीच्या चरकात जाड ऊस घातला की जड चाक आपली गती खर्च करून तो ओढतं आणि मंदावतं, तसंच हे. मंदावणं म्हणजे फ्रिक्वेन्सी, विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, ५० हर्ट्झच्या खाली येणं.

समजा बेटात मागणी २,००० मेगावॉट आहे आणि निर्मिती १,४०० मेगावॉट. चालू संचांची (टर्बाइन-जनित्रांच्या जोड्यांची) क्षमता १,७५० एमव्हीए (जनित्राची क्षमता मोजायचं एकक) आणि जडत्व स्थिरांक, म्हणजे फिरत्या भागांतली ऊर्जा पूर्ण क्षमतेने किती वेळ पुरेल तो आकडा, ४ सेकंद धरला तर साठलेली गतिज ऊर्जा ७,००० मेगावॉट-सेकंद होते. फ्रिक्वेन्सीच्या घसरणीचा वेग म्हणजे तूट गुणिले ५०, भागिले या ऊर्जेची दुप्पट. ६०० × ५० ÷ १४,००० = सेकंदाला सुमारे २.१ हर्ट्झ. ४७.५ हर्ट्झच्या आसपास वाफेच्या टर्बाइनची शेवटच्या टप्प्यातली लांब पाती कंप पावून तुटायची भीती असते, म्हणून संच स्वतःला सोडवून घेतो. तिथवर पोचायला जेमतेम सव्वा सेकंद. हीच ६०० मेगावॉटची तूट दोन लाख मेगावॉट भाराच्या अख्ख्या देशाच्या ग्रिडवर आली तर घसरण सेकंदाला ०.०१५ हर्ट्झच्या आसपास होते, आणि टर्बाइनचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नर यंत्रणांना वाफ वाढवायला उसंत मिळते.

म्हणून बेटातला भार माणूस विचार करायच्या आत तोडावा लागतो. देशात सध्या ४९.४, ४९.२, ४९.० आणि ४८.८ हर्ट्झ या चार टप्प्यांवर कमी फ्रिक्वेन्सीच्या रिले फीडर, म्हणजे उपकेंद्रातून वस्तीला वीज नेणाऱ्या वाहिन्या, सोडतात. पण रिलेला फ्रिक्वेन्सी मोजायला काही आवर्तनं लागतात आणि ब्रेकर उघडायला आणखी तीनेक. मिळून ०.२ सेकंद गेला तर वरच्या वेगाने फ्रिक्वेन्सी आणखी ०.४ हर्ट्झ घसरलेली असते. ४९.४ ची रिले सुटेपर्यंत खालच्या दोन टप्प्यांनाही इशारा पोचलेला असतो. तिन्ही सुटले तर गरजेपेक्षा जास्त भार तुटतो, फ्रिक्वेन्सी उसळते आणि संच आता जास्त वेगापायी ट्रिप होतो. यासाठी आयलँडिंगमध्ये घसरणीचा वेग मोजणाऱ्या रिलेही लावतात. त्यांचं सेटिंग संच बदलले, मागणी बदलली की पुन्हा काढावं लागतं. बाहेरची वीज स्वस्त पडते म्हणून शहरातले संच बंद ठेवले, तर वीजबिलात फायदा दिसतो, पण बेटाच्या निर्मितीतून आणि जडत्वातून तेवढा वाटा वजा होतो. सौर इन्व्हर्टर साध्या रचनेत जडत्व देतच नाहीत.

प्रत्यक्षात घोटाळे फीडरवर होतात. कागदावर ५ मेगावॉट दाखवलेला कृषी फीडर रात्रपाळीचा असेल तर दुपारी तो तोडून काहीच सुटत नाही. फीडरवर नंतर रुग्णालय जोडलं जातं आणि कोणीतरी रिलेची ट्रिप लिंक, म्हणजे ब्रेकरकडे आदेश नेणारी जोडणी, काढून ठेवतं. उपकेंद्रातली ११० व्होल्टची बॅटरी कमजोर असेल तर रिले 'सुटलो' म्हणते आणि ब्रेकर हलत नाही. त्यामुळे चाचणी रिलेपुरती करून भागत नाही, ब्रेकर प्रत्यक्ष उघडणाऱ्या ट्रिप कॉइलपर्यंत करावी लागते. जुलै २०१२ मध्ये उत्तर भारताचं ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळलं, तेव्हा या रिलेंमधून अपेक्षित भार सुटला नाही, हे चौकशीत पुढे आलं होतं.

उलट बाजूचं, म्हणजे मागणी अचानक घटण्याचं, उदाहरण ५ एप्रिल २०२० च्या नऊ मिनिटांचं, करोनाकाळात पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभर विजेचे दिवे मालवून पणत्या लावल्या गेल्या तेव्हाचं. दिव्यांच्या उष्णतेने विषाणू मरतो, असे संदेश तेव्हा फिरत होते. त्यावर वेळ घालवायला नको. ग्रिड कोसळेल ही भीती मात्र राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनीही बोलून दाखवली होती आणि ती निराधार नव्हती. मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता, घटली सुमारे ३१ हजारांनी. फ्रिक्वेन्सी तरी ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान राहिली, कारण जलविद्युत संच आधी चढवून ठेवले होते आणि दिवे मालवताच झपाट्याने उतरवले.

असे संच महाराष्ट्राकडे कोयनेत आहेत, १,९६० मेगावॉट. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलं आहे. जूनपासून ते जपून वापरलं नाही, तर ऐन एप्रिल-मेच्या संध्याकाळी हे संच असून नसल्यासारखे होतात.