सेल्युलर जेलच्या आधीचे काळे पाणी

पोर्ट ब्लेअरला (2024 पासून श्रीविजयपुरम) उतरलेला मराठी माणूस थेट सेल्युलर जेल गाठतो, तिसऱ्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतो आणि परततो. ती कोठडी पाहायलाच हवी. पण जेलचे बांधकाम 1896 ते 1906 मधले. कैदी 1858 पासून येत होते. मधली जवळजवळ पन्नास वर्षे हे बंदरच तुरुंग होते आणि भिंतींचे काम समुद्र व जंगल करत होते.

10 मार्च 1858 रोजी ब्रिटिश अधिकारी जे. पी. वॉकर 200 कैदी घेऊन आला. चॅथम बेटावर तळ पडला, पण गोडे पाणी पुरेना. म्हणून ठाणे बंदराच्या तोंडावरच्या रॉस बेटावर हलले. त्याआधी 1789 मध्ये वसाहत करायला आलेल्या आर्चिबाल्ड ब्लेअरनेही (बंदराचे नाव याच्यावरूनच) चॅथमच निवडले होते. ती वसाहत 1792 ला उत्तरेकडे नेली आणि तापाने माणसे मरू लागल्यावर 1796 ला मोडली. वॉकरचे कैदी जंगल तोडता तोडता पळत. काही उपासमारीने, काही अंदमानी लोकांच्या बाणांनी मेले. पकडून आणलेल्या 80 हून अधिक जणांना वॉकरने एकाच दिवशी फासावर चढवले. पुढे बंदरातलेच व्हायपर बेट बेड्यांतल्या कैद्यांसाठी राखले गेले. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला 1872 मध्ये भोसकणाऱ्या शेर अलीला फाशी तिथेच झाली.

मग एवढा मोठा जेल कशाला? 1890 मध्ये लायल आणि लेथब्रिज या सरकारी अधिकाऱ्यांनी पाहणी केली, तेव्हा हिंदुस्थानातल्या तुरुंगापेक्षा कैद्यांना अंदमानच बरे वाटते असे त्यांना आढळले. शिक्षेची सुरुवात एकांतवासाने व्हावी, ही शिफारस त्यातून आली. जेल उभा राहिल्यावर जन्मठेपेच्या कैद्याचा क्रम असा ठरला: सहा महिने कोठडी, दीड वर्ष सामाईक तुरुंग, तीन वर्षे बराकीत राहून पहाऱ्यातली मजुरी, पाच वर्षे किरकोळ भत्त्यावर काम. दहा वर्षे भरली की तिकीट, म्हणजे तुरुंगाबाहेर राहून पोट भरण्याचा परवाना, मिळे. मग गावात शेती, गुरे, लग्न. राजबंद्यांच्या वाट्याला मात्र दिवसाला 30 पौंड खोबरेल काढण्याचा कोलू आला.

कोठडी साडेतेरा बाय साडेसात फुटांची. दाराची कडी बाहेर भिंतीतल्या खोबणीत इतक्या दूर जाते की गजांतून हात काढला तरी पोहोचत नाही. जेलमध्ये गेल्यावर हे मुद्दाम पाहा. एका इमारतीचे तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे असल्याने समोरचा माणूसही दिसत नसे. सातांपैकी तीनच इमारती आज उरल्या आहेत.

तिकीटवाल्यांची मुलेबाळे इथेच राहिली. त्यांना 'लोकल बॉर्न' म्हणतात. अबर्डीन बाजारात कानावर पडणारी हिंदुस्तानी त्यांच्यापासून चालत आली आहे. पंजाब, बंगाल, ब्रह्मदेश, मुंबई इलाखा अशा ठिकठिकाणच्या कैद्यांना एकमेकांशी बोलायला तीच भाषा होती.