लक्स
लक्स : लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिस्क-एन्क्रिप्शनसाठी (डिस्कवरील माहिती ‘की’ म्हणजे गुप्त किल्ली वापरून सांकेतिक रूपात ठेवण्यासाठी) रूढ झालेली की-व्यवस्थापनाची मांडणी. ‘लिनक्स युनिफाइड की सेटअप’ या नावाचे हे लघुरूप. बोलण्यात लक्स म्हणजेच डिस्क-एन्क्रिप्शन असे धरले जाते. परंतु सेक्टर (डिस्कचे लहान खंड) प्रत्यक्ष एन्क्रिप्ट करण्याचे काम कर्नलमधील, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील, डीएम-क्रिप्ट करतो. की कोठे व कोणत्या स्वरूपात ठेवायची, एवढेच लक्स ठरवते. दोहोंना जोडणारी आज्ञावली म्हणजे क्रिप्टसेटअप.

क्रिस्टॉफ साउट यांचा डीएम-क्रिप्ट २००४ मध्ये कर्नल २.६.४ बरोबर आला. त्याआधीच्या क्रिप्टोलूप या डिस्क-एन्क्रिप्शनच्या सोयीत सेक्टरचे आरंभमूल्य (एन्क्रिप्ट करताना आरंभी मिसळायचे मूल्य) नुसत्या सेक्टर-क्रमांकावरून ठरत असे. त्यामुळे मुद्दाम रचलेली एखादी फाइल डिस्कवर आहे की नाही, हे की नसतानाही ताडता येई. आरंभमूल्य गुप्त कीवर अवलंबून ठेवणारी ईएसएसआयव्ही पद्धत आणि लक्स ही दोन्ही क्लेमेन्स फ्रुहवर्थ यांची कामे. लक्सचा आरंभ बहुधा २००४ मधला. मांडणीचे लिखित विवरण २००५ च्या सुमाराचे दिसते.

डिस्क एन्क्रिप्ट होते ती यादृच्छिक मुख्य कीने, पासफ्रेजने (वापरणाऱ्याने टंकायच्या गुप्त शब्दांनी) नव्हे. पासफ्रेजपासून काढलेल्या कीने ही मुख्य की गुंडाळून, म्हणजे एन्क्रिप्ट करून, स्लॉट नावाच्या राखीव जागेत ठेवतात. म्हणून पासफ्रेज बदलताना सारी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही. लक्स-१ या पहिल्या आवृत्तीत असे ८ स्लॉट असतात. लक्स-२ मध्ये ३२ पर्यंत. लक्स-२ डिसेंबर २०१७ मध्ये क्रिप्टसेटअप २.० बरोबर आले व २.१ पासून (२०१९) मूळ पर्याय झाले. त्याचा हेडर (डिस्कच्या आरंभीचा, स्लॉट असलेला भाग) सामान्यतः १६ मेबिबाइटचा असतो आणि त्यातील जेसन या मजकूररूप मांडणीतील माहितीच्या दोन प्रती असतात. दुसरी प्रत आहे म्हणून निर्धास्त राहू नये : स्लॉटमधील की-सामग्रीची प्रत एकच असते.

की-सामग्रीचे विभाजन : फ्रुहवर्थ यांच्या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक भाग हाच. स्लॉट पुसला तरी डिस्कने मध्यंतरी एखादा खराब सेक्टर बदलून दुसरा घेतला असेल, तर जुना सेक्टर पुसण्याच्या आवाक्याबाहेर राहतो. ३२ बाइटांची की अशा एकाच सेक्टरमध्ये मावते. म्हणून की ४,००० पट्ट्यांत पसरवतात. शेवटची सोडून सर्व पट्ट्या यादृच्छिक असतात. त्या एकामागून एक एक्सॉर (बिटांची उलटवता येणारी जुळणी) व हॅश (उलटवता न येणारे मिश्रण) यांमधून नेतात आणि येणाऱ्या मूल्याशी मुख्य कीचा एक्सॉर करून शेवटची पट्टी बनवतात. २५६ बिटांच्या कीला १,२८,००० बाइट, म्हणजे ५१२ बाइटांचे बरोबर २५० सेक्टर लागतात. त्यांतला एक जरी नीट पुसला गेला, तरी की परत मिळत नाही. फ्लॅश-स्मृतीच्या डिस्कवर याचा उपयोग किती, याबद्दल मतभेद आहेत. तेथे नवे लेखन दुसऱ्याच पेशींत होते, त्यामुळे जुना स्लॉट अखंड उरू शकतो, असा आक्षेप आहे. इतक्या विस्तारातला काही भाग पुसला जाण्याची शक्यता तरी वाढते, असे दुसरी बाजू म्हणते. आक्षेप अधिक सबळ वाटतो : अशा डिस्कवर पासफ्रेज फुटल्यास नुसता स्लॉट न काढता ‘रीएन्क्रिप्ट’ने मुख्य कीच बदलावी.

पासफ्रेजपासून की काढण्यासाठी लक्स-१ पीबीकेडीएफ२ ही गणनपद्धती वापरते, लक्स-२ सामान्यतः आर्गॉन२. आर्गॉन२ला १ गिबिबाइटपर्यंत स्मृती लागते व तिचे प्रमाण स्लॉट तयार करणाऱ्या मशीनवर ठरते. त्यामुळे मोठ्या मशीनवर बनवलेली डिस्क लहान मशीनवर स्मृतीअभावी कधी कधी उघडत नाही. मशीन सुरू होताना लिनक्स चढवणारा ग्रब, त्याच्या २.०६ आवृत्तीत, लक्स-२ वाचतो, पण फक्त पीबीकेडीएफ२चे स्लॉट. त्या आवृत्तीबरोबर बूट विभागही एन्क्रिप्ट करायचा असल्यास तसा एक स्लॉट वेगळा जोडावा लागतो.

सायफरचा (एन्क्रिप्शनच्या पद्धतीचा) मूळ पर्याय एईएस-एक्सटीएस-प्लेन६४ : एईएस हा सायफर, एक्सटीएस ही तो सेक्टरला लावण्याची रीत आणि प्लेन६४ ही आरंभमूल्य ठरवण्याची. एक्सटीएसला दोन की लागत असल्याने ५१२ बिटांची की म्हणजे एईएस-२५६च. जुन्या ‘प्लेन’मध्ये सेक्टर-क्रमांक ३२ बिटांचा असल्याने २ टेबिबाइटनंतर आरंभमूल्ये पुन्हा तीच येतात. एक्सटीएस गुप्तता राखतो, पण मजकुरात कोणी फेरफार केल्यास ओळखत नाही.

वापर : ‘लक्सफॉरमॅट’ने हेडर लिहावा, ‘ओपन’ने डिस्क उघडावी, मॅपरखाली (‘/dev/mapper’ या निर्देशिकेत) दिसणाऱ्या नव्या उपकरणावर फाइल सिस्टिम बनवावी आणि काम झाल्यावर ‘क्लोज’ करावे. चूक बहुधा तिसऱ्या पायरीवर होते. फाइल सिस्टिम मूळ विभागावरच बनवली की हेडर पुसला जातो, आणि मग पासफ्रेज बरोबर असूनही डिस्क उघडत नाही. डिस्क उघडी असतानाच हे लक्षात आले तर मशीन बंद करू नये. मुख्य की अजून कर्नलच्या स्मृतीत असते, तेवढ्यात फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. बूट होताना पासफ्रेज नाकारला जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे तेव्हा लागू असलेली कीबोर्डची वेगळी मांडणी.

‘लक्सहेडरबॅकअप’ने हेडरची प्रत घेऊन ती दुसऱ्या माध्यमावर ठेवणे अत्यावश्यक आहे. मात्र पासफ्रेज बदलल्यावर जुनी प्रत नष्ट करावी, कारण तीत जुना स्लॉट शाबूत असतो व जुन्या पासफ्रेजने डिस्क तिच्यामार्फत उघडते.