पिचिंग कोच आणि बुलपेन कोच: एकाच फोनची दोन टोकं

बेसबॉल नव्याने बघायला लागलं की एक समज हमखास होतो: पिचिंग कोच म्हणजे पिचर मंडळींचा मुख्य प्रशिक्षक आणि बुलपेन कोच त्याचा असिस्टंट. (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा; बुलपेन म्हणजे बदली पिचर तयार होतात ती जागा.) हुद्द्याच्या दृष्टीने ते चूक नाही, पण दोघांचं काम मुळातच वेगळं आहे. डेरेक लिलिक्विस्टने ही दोन्ही कामं केली आहेत, त्यामुळे त्याच्याच उदाहरणावरून बघू.

लिलिक्विस्ट डावखुरा. १९८७ साली अटलांटा ब्रेव्ह्जनी त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्याच फेरीत, सहाव्या क्रमांकावर घेतलं. १९८९ मध्ये मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये) आला तो स्टार्टर म्हणून, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर. नाव झालं मात्र पुढे क्लीव्हलँडला, मधल्या-शेवटच्या इनिंगला उतरणारा रिलीफ पिचर म्हणून. १९९२ मध्ये तो ७१ सामने खेळला, ईआरए १.७५, म्हणजे नऊ इनिंगमागे दोन धावासुद्धा त्याच्या खात्यावर लागत नव्हत्या. १९९६ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. कोच झाल्यावर सेंट लुईस कार्डिनल्सच्या खालच्या संघांमध्ये त्याने बरीच वर्षं काढली आणि २०११ मध्ये मुख्य संघाचा बुलपेन कोच झाला.

आता जागा बघा. पिचिंग कोच डगआउटमध्ये, मॅनेजरच्या शेजारी. बुलपेन कोच तिथून लांब, बहुतेक मैदानांत पार आउटफिल्डच्या भिंतीपलीकडे, रिलीफ पिचरांबरोबर. दोघांमध्ये दुवा एकच: फोन. डगआउटमधून सांगायचं, ‘अमक्याला तयार कर.’ बुलपेन कोचने त्याला उठवायचं, त्याचा चेंडू कसा पडतोय ते बघायचं आणि कळवायचं. बेसबॉलमध्ये एकदा काढलेला पिचर त्या सामन्यात पुन्हा पिचिंगला येऊ शकत नाही, त्यामुळे चुकीचा माणूस तयार झाला तर ते महागात पडतं.

किती महागात, ते २४ ऑक्टोबर २०११ ला दिसलं. वर्ल्ड सीरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, पाचवा सामना, टेक्सास रेंजर्सचं आर्लिंग्टनमधलं मैदान, आठवी इनिंग, २-२ बरोबरी आणि प्रेक्षकांचा कानठळ्या बसवणारा आरडाओरडा. कार्डिनल्सचा मॅनेजर टोनी ला रूसा याने फोनवर रिलीफ पिचर जेसन मॉटला उठवायला सांगितलं. पलीकडे लिलिक्विस्टपर्यंत ते पोचलंच नाही. कार्डिनल्सचा डावखुरा पिचर रेझेपचिन्स्की याला टेक्सासच्या माइक नापोलीने दोन धावांचा फटका मारला. पुन्हा फोन केला तर ‘मॉट’चं ‘लिन’ ऐकू आलं, आणि ज्याला त्या दिवशी विश्रांती द्यायची होती तो लान्स लिन माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) हजर! ला रूसाने त्याच्याकडून एका बॅटरला मुद्दाम वॉक (न मारता पहिला बेस) द्यायला लावला आणि लगेच मॉटला आणलं. कार्डिनल्स ४-२ हरले. (सीरीज मात्र सात सामन्यांत त्यांनीच जिंकली.) आज ही पळवाटसुद्धा नाही. २०२० पासून आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरना खेळवायचं किंवा इनिंग संपवायची असा नियम आहे.

पिचिंग कोचचं काम वेगळंच. स्टार्टरचा पुढच्या सामन्याचा आराखडा, त्याची शैली, हात किती दमलाय याचा हिशेब, आणि अधूनमधून माउंडवर जाऊन दोन शब्द. तेही मोजून: एका इनिंगमध्ये त्याच पिचरकडे कोच किंवा मॅनेजर दुसऱ्यांदा गेला, की पिचर बदलावाच लागतो. २०१२ मध्ये लिलिक्विस्टकडे हे पद आलं. २०१५ मध्ये कार्डिनल्सच्या पिचिंगचा ईआरए २.९४ होता, अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वांत कमी, आणि सामने जिंकले शंभर.

माझ्या मते मोठा फरक जबाबदारीचा आहे. फोनच्या त्या घोळानंतर काही महिन्यांतच लिलिक्विस्टला बढती मिळाली. पिचिंग कोचला अशी माफी क्वचितच. २०१७ नंतर कार्डिनल्सनी त्याला सोडलं आणि वॉशिंग्टन नॅशनल्सकडून माइक मॅडक्सला आणलं. लिलिक्विस्ट मॅडक्सच्या रिकाम्या जागी वॉशिंग्टनला गेला. गंमत म्हणजे मॅडक्सही मुख्यतः रिलीफ पिचरच, आणि २०११ च्या त्या रात्री तो समोरच्या टेक्सासचा पिचिंग कोच होता. २०१९ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनचं बुलपेन, म्हणजे रिलीफ पिचर, सामन्यामागून सामने घालवत होतं. २ मे रोजी नोकरी गेली ती पिचिंग कोच लिलिक्विस्टची. त्याच्या जागी पॉल मेनहार्ट आला आणि ऑक्टोबरअखेर वॉशिंग्टनने वर्ल्ड सीरीज जिंकली.