सळईचा पीळ आणि गाडीची उंची

गाडी पुढून बसली की एक सल्ला हमखास मिळतो: टॉर्शन बारचा (पुढच्या चाकाच्या स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईचा) बोल्ट चार फेरे आवळा, सस्पेन्शन कडक होईल. बोल्ट आवळल्यावर गाडी वर उठते हे खरं, पण कडक मात्र होत नाही. हा गैरसमज इतका पक्का रुजला आहे की त्यापायी चांगले टायर आणि चाकाकडचे बॉल जॉइंट नावाचे सांधे वाया जातात.

शेवरोले सिल्वराडो एचडीसारख्या अमेरिकी पिकअपपासून आपल्याकडच्या पहिल्या सफारी आणि टवेरापर्यंत अनेक गाड्यांना पुढे गुंडाळीची स्प्रिंग नसते. तिच्या जागी चेसिसच्या लांबीला धरून प्रत्येक बाजूला स्प्रिंग स्टीलची एक सरळ, गोल सळई असते. तिचं एक टोक चाकाच्या आर्ममध्ये (चाक चेसिसला जोडणाऱ्या दांड्यात) दात्यांनी घट्ट बसवलेलं असतं आणि दुसरं अँकर आर्म नावाच्या छोट्या तरफेत. ही तरफ चेसिसच्या आडव्या पट्टीवर एका बोल्टला टेकते. चाक वर उचललं गेलं की सळईला पीळ बसतो. तो सुटायला बघतो आणि चाकाला खाली ढकलतो.

हा पीळ किती असतो? एका चाकावर 500 किलो भार, आर्मची लांबी 35 सेंमी, सळई 26 मिमी जाड आणि 1.2 मीटर लांब असं धरलं, तर गाडी नुसती उभी असतानाच सळई सुमारे 33 अंश पिळलेली असते. सळईचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून 26 ऐवजी 28 मिमीची सळई घातली की तो सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. सस्पेन्शन खरंच कडक करायचं असेल तर मार्ग हा आहे.

बोल्टने जाडी बदलत नाही, लांबीही बदलत नाही. दोन्ही बाजू सारख्याच आवळल्या तर चाकावरचं वजन तेच राहतं, म्हणून पीळही जवळपास तेवढाच. फक्त सळईचं अँकरकडचं टोक थोडं फिरतं आणि त्याबरोबर आर्म खाली झुकतो. मग गाडी कडक का वाटते? कारण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. खड्डा आला की आर्म खालच्या बाजूला मोकळा सुटायला हवा, तो लगेच रबरी स्टॉपवर आपटतो. तो ‘ठक्’ आवाज आणि हादरा म्हणजे कडकपणा नव्हे, संपलेली हालचाल आहे. चारचाकी ड्राइव्ह असेल तर अ‍ॅक्सलचे जॉइंटही वाकड्या कोनात फिरत राहतात आणि लवकर जातात.

उंची मोजण्याआधी टायरची हवा बरोबर करावी, गाडी रिकामी ठेवावी, फरशी सपाट बघावी. मडगार्डच्या कडेपासून मोजू नये, त्यात टायर, मागचे पाटे, बॉडीची रबरं असं सगळं मिसळतं. खालच्या आर्मच्या चेसिसकडच्या बोल्टचं केंद्र जमिनीपासून किती उंच आणि खालच्या बॉल जॉइंटचा तळ किती उंच, या दोन मापांतला फरक घ्यावा. गाडीच्या मॅन्युअलमध्येही बहुधा अशाच प्रकारचं माप दिलेलं असतं. माप कमी भरलं तरी बोल्टकडे जाण्याआधी आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) आणि मागचे पाटे तपासा. बुश संपले असतील तर बोल्ट आवळून दुखणं फक्त झाकलं जातं.

बोल्ट फिरवताना चेसिस स्टँडवर घ्या, चाकं लोंबकळू द्या. भाराखाली फिरवलेल्या बोल्टचे आटे उपटतात. फिरवण्याआधी किती आटे बाहेर दिसतात ते लिहून ठेवा. एका फेऱ्याने किती फरक पडतो? आट्यांचं अंतर 1.5 मिमी, अँकर आर्म 75 मिमी आणि चाकाचा आर्म 350 मिमी असेल तर चाकाशी साधारण 7 मिमी. म्हणून एका वेळी अर्धा-एक फेराच द्यावा. मग गाडी खाली घेऊन थोडी पुढे-मागे चालवावी आणि पुन्हा मोजावं. चालवणं महत्त्वाचं, कारण उचललेली गाडी खाली ठेवली की टायर जमिनीला आडवे अडकून राहतात आणि उंची खोटी दिसते.

फक्त उजवी बाजू उचलली तर उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या चाकावर जास्त भार जातो, डुगडुगत्या टेबलाच्या दोन पायांसारखा. त्यामुळे डावीकडचं मापही थोडं हलतं. दोन्ही बाजू आलटून पालटूनच जुळवाव्या लागतात.

बोल्ट पूर्ण आवळूनही माप येत नसेल तर अँकर दात्यांवर सरकवावा लागतो. तिथे फार जपून: 36 दाते असतील तर एक दाता म्हणजे 10 अंश, चाकाशी सुमारे 60 मिमी. सळई काढण्याआधी सळई, अँकर आणि आर्म यांवर रंगाने खुणा करा. चाकं लोंबकळत असली तरी सळईत काही पीळ उरलेला असतो. म्हणून ओढून धरणारं साधन लावल्याशिवाय अँकरचा बोल्ट काढू नका, अँकर जोरात उसळतो. डावी-उजवी सळई अदलाबदल करू नका. कारखान्यात तिला एकाच दिशेने मुद्दाम पीळ देऊन तयार केलेलं असतं, उलट पिळली की ती बसते किंवा तुटते. तिच्यावर छिन्नी किंवा चिमटा पान्याचे दात उमटू देऊ नका. तुटण्याची भेग अशाच ओरखड्यातून सुरू होते.

उंची बदलली की अलाइनमेंट बिघडलीच असं धरावं. वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असलेल्या रचनेत गाडी उचलल्यावर बहुधा चाकाचा माथा बाहेर झुकतो आणि टायरची बाहेरची कड झिजते. 2,650 मिमी व्हीलबेसच्या सफारीचं नाक 25 मिमी उचललं तर कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कल, साधारण अर्ध्या अंशाने वाढतो. सर्वांत महाग पडतो टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाचा आत किंवा बाहेर तिरपेपणा. प्रत्येक चाक अर्धा अंश तिरपं असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे 8.7 मीटर आडवं घासतं. टायरवर तळहात आडवा फिरवून बघा: एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो चुकलेला आहे.

क्रम मात्र पाळायचाच: आधी उंची, मग कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर कल), शेवटी टो. वरच्या आर्मच्या शाफ्टखाली शिम (पातळ पट्ट्या) असतील तर दोन्ही बोल्टांखाली सारखी जाडी बदलल्यावर मुख्यतः कॅम्बर बदलतो, कमी-जास्त केल्यावर कॅस्टर. आधी टो लावून नंतर कॅम्बर हलवला तर टो पुन्हा लावावा लागतो. हेडलाइटही खाली करून घ्या. त्याच 25 मिमीमुळे 25 मीटरवर झोत जवळजवळ पाव मीटर वर जातो, थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत. 500 किलोमीटर चालल्यावर उंची पुन्हा मोजा. सैल केलेले सांधे तोवर बसलेले असतात आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघू शकतो.