मुसल्लस ते लायगो: मराठवाड्यातल्या विज्ञान-व्याख्यानांची मागची गोष्ट

‘विज्ञान केंद्रात व्याख्यान, प्रवेश सर्वांना खुला’ असा फलक विद्यापीठाच्या फाटकावर लागला, तर आज कुणी वळूनही पाहत नाही. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता तेव्हा मात्र जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. त्या ‘गश्ती क्रमांक ५३’ नावाच्या सरकारी परिपत्रकाचा जाच जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्येच सुरू झाली होती. आपल्याकडे व्याख्यानाची सवय उशिरा लागली, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण भाषेचं. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणायला खास तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग होता. त्यामुळे तिथं शिकलेल्या मराठी मुलासाठी त्रिकोण म्हणजे मुसल्लस आणि रसायनशास्त्र म्हणजे कीमिया. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, त्यानंतर उर्दू मागे पडली आणि इंग्रजी आली. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं मिलिंद महाविद्यालय आणि २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. विज्ञान घराजवळ आलं खरं, पण घरच्या भाषेत नाही. ते घरच्या भाषेत आणायचं काम व्याख्यानांवर पडलं.

१९८७ पासून २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा होऊ लागला आणि व्याख्यानांना हक्काची तारीख मिळाली. तोटाही झाला: वर्षाचं सगळं विज्ञान एका दिवसात उरकायची पद्धत पडली. त्यात शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांचं मनोगत आटोपेपर्यंत वक्त्याच्या वाट्याला वीस मिनिटं उरतात, हे मी किती वेळा पाहिलं असेल!

लोकांना विज्ञान खरं ऐकावंसं वाटलं ते लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गावं नुकती झोपली होती. दख्खनचा कातळ पक्का, इथं भूकंप कसला, अशी समजूत होती. आदल्या वर्षी धक्के जाणवले होते तरी ती टिकून होती. मग जो तो विचारू लागला: धरणाच्या पाण्यानं झालं का? पुन्हा होईल का? घर कसं बांधावं? पुढच्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. लातूर त्याच्याच कार्यक्षेत्रात.

कार्यशाळेची तऱ्हा निराळी. तिथं ऐकण्यापेक्षा हात चालतात. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंग केंद्र आहे. हेबर्ट यांनी ही पद्धत २००३ मध्ये मांडली. माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा, त्यातून डीएनए काढायचा, एका ठरावीक जनुकाची साधारण ६५० अक्षरं वाचायची आणि तो मासा कुठल्या प्रजातीचा ते ओळखायचं. पिपेट, म्हणजे थेंब मोजून टाकायची नळी, पहिल्यांदा हातात धरणाऱ्या पोराचा अंगठा थरथरतो, एक थेंब जास्त पडतो, पुन्हा पहिल्यापासून. हे फळ्यावर शिकवता येत नाही.

आता सगळ्यांच्या तोंडी लायगो आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात उठणारे तरंग, टिपणारी ही वेधशाळा व्हायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची अंतिम. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत मोजायचा फरक अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. जागा निवडताना जमीन शांत असणं महत्त्वाचं होतं. २०२४ मध्ये त्याच जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले, मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये. त्यामुळे वक्ता कृष्णविवरांवर कितीही रंगून बोलो, प्रश्न विचारायची वेळ आली की मागच्या रांगेतून पहिला हात वर होतो तो भूकंपासाठीच.