अ‍ॅडव्हेंचरलँड ट्रीहाउस

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उद्यानात असलेले, पायी चढून पाहायचे वृक्षघर. ते १९६२ मध्ये ‘स्विस फॅमिली ट्रीहाउस’ या नावाने खुले झाले. १९९९ मध्ये त्याचे ‘टारझन्स ट्रीहाउस’ झाले आणि १० नोव्हेंबर २०२३ पासून ते सध्याच्या नावाने ओळखले जाते. या साठेक वर्षांत झाड तेच राहिले. बदलत गेले ते त्यात राहणारे कुटुंब. थीम पार्कमधील जुन्या वॉकथ्रूला नवी कथा देताना काय टिकते आणि काय हरवते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

वॉकथ्रू म्हणजे ज्यात गाडी, होडी किंवा रूळ नसतात, प्रेक्षक स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या वेगाने फिरतो, असे आकर्षण. गाडीत बसलेल्या प्रेक्षकाला कुठल्या क्षणी काय दिसावे, हे रचनाकार ठरवू शकतो. वॉकथ्रूत ती सोय नाही. एखादा माणूस एकाच खोलीपुढे पाच मिनिटे रेंगाळतो, तर त्याचा मुलगा तोवर तीन जिने चढून वर पोचलेला असतो. त्यामुळे इथली कथा प्रसंगांच्या क्रमावर फारशी उभी राहू शकत नाही. ती सामानातून सांगावी लागते. कोणाचा पलंग, कोणाची पुस्तके, पाणी कुठून येते, स्वयंपाक कुठे होतो, हे पाहून बघणाऱ्याने घर ओळखायचे असते. वृक्षघराच्या तिन्ही रूपांचा कस याच मुद्द्यावर लागतो.

मूळ कल्पना १९६० च्या ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ या डिस्ने चित्रपटातून आली. योहान डेव्हिड विस यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर तो आधारलेला होता. जहाज फुटून निर्जन बेटावर अडकलेले एक कुटुंब जहाजावरचे सामान काढून आणते आणि झाडावर संसार थाटते, अशी त्याची गोष्ट. चित्रीकरण कॅरिबियनमधील टोबॅगो बेटावर झाले आणि तिथले झाड खरे होते : एक प्रचंड सामान वृक्ष. मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यांवर ज्याची छत्रीसारखी सावली पडते, तो पर्जन्यवृक्ष म्हणजे हाच. आडव्या पसरणाऱ्या त्याच्या जाड फांद्या पाहिल्या, की घर बांधायला हेच झाड का निवडले असेल, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

उद्यानात मात्र खऱ्या झाडावर भागणार नव्हते. दिवसभर हजारो माणसे चढणार-उतरणार, त्यांचे वजन आणि सुरक्षितता सांभाळायची, म्हणून झाडच बांधून काढले. आत पोलादी सांगाडा, त्यावर काँक्रीटचे खोड आणि फांद्या, त्यांवर व्हायनिलची सुमारे तीन लाख पाने. उंची साधारण ७० फूट, वजन सुमारे १५० टन. पायाही तसाच खोल घेतला. या कृत्रिम जातीला डिस्नेच्या मंडळींनी ‘डिस्नेओडेन्ड्रॉन सेम्परफ्लोरेन्स ग्रँडिस’ असे लॅटिन वळणाचे नाव दिले; अर्थ साधारण ‘सदा फुललेले, भले मोठे डिस्ने-झाड’. हे झाड जंगल क्रूझ या नौकासफरीला लागूनच उभे आहे. भोवतालची खरी झाडे वर्षागणिक वाढत गेली आणि काँक्रीटचे झाड त्यांच्यात इतके मिसळून गेले, की खोडाला हात लावेपर्यंत फरक चटकन कळत नाही.

नोव्हेंबर १९६२ मध्ये खुल्या झालेल्या या घराचा प्राण होता त्याची पाण्याची व्यवस्था. खाली ओढ्यावर एक मोठे लाकडी चाक फिरे. बांबूची भांडी पाणी भरून घेत, ते थेट शेंड्यापर्यंत नेत आणि तिथे ओतत. तिथून चिरलेल्या बांबूच्या पन्हळींमधून ते पाणी उतरत उतरत घरभर फिरे. जिना चढणाऱ्याच्या अगदी बाजूने, कानाशी, ही धार चालू असे. कुठलाही फलक न वाचता लहान मुलालाही कळत असे, की या घरात नळ आहे आणि तो कुणीतरी डोके लढवून बनवला आहे. कोकणातल्या कुळागरात पन्हळीने पाणी खेळवलेले ज्याने पाहिले आहे, त्याला यातली गंमत अधिकच जाणवेल. दिवाणखान्यात जहाजावरून वाचवून आणलेला ऑर्गन होता आणि त्यावर चित्रपटातली ‘स्विसकापोल्का’ ही नाचरी धून अखंड वाजत असे. आईवडिलांची खोली, मुलांची खोली, स्वयंपाकघर, सगळे दोरीच्या कठड्यापलीकडे मांडून ठेवलेले. कुटुंबातल्या एकाही माणसाचा पुतळा मात्र कुठे नव्हता. माणसे आत्ताच कुठेतरी गेली आहेत आणि आपण त्यांच्या मागे घर बघतो आहोत, असा भास त्या रिकामेपणातून होई. माझ्या मते वॉकथ्रूची खरी ताकद ती हीच.

१९९९ पर्यंत मूळ चित्रपटाला जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. त्या जूनमध्ये डिस्नेचा ‘टारझन’ हा अ‍ॅनिमेशनपट प्रदर्शित व्हायचा होता. झाडावरचे घर, जहाज फुटून किनाऱ्याला लागलेले आईबाप, जंगल, असा सगळा माल त्या कथेत तयारच होता. मार्चमध्ये जुने घर बंद झाले आणि जूनमध्ये, चित्रपटाच्या प्रदर्शनाबरोबरच, नवे उघडले. इतक्या कमी अवधीत काम उरकले, कारण सांगाडा, जिने आणि खोल्यांच्या जागा तयार होत्या. चढण्याची जागा तेवढी बदलली. शेजारी एक नवे, बुटके झाड उभारून तिथून मोठ्या झाडावर नेणारा झुलता पूल बांधण्यात आला. पूल खरोखर हलायचा आणि मुलांना तो फार आवडायचा. पायथ्याशी संशोधकांची छावणी मांडून त्यात भांडी वाजवण्यासारखे, हाताळायचे खेळही ठेवले होते.

या फेरबदलाची दुबळी बाजू घराच्या आत होती. टारझनची गोष्ट ही घटनांची गोष्ट आहे. बिबट्याचा हल्ला, काला या मादी गोरिलाने बाळाला उचलणे, मग जेनची भेट. हे सगळे वस्तूंतून सांगता येत नाही. म्हणून खोल्याखोल्यांत पुतळे आले. गोरिला आणि बाळ, झेप घेणारा साबोर बिबट्या, चित्र काढणारी जेन आणि तिच्यासमोर बसलेला टारझन. वाटेवर जेनच्या वहीची पाने लावून पुढचा-मागचा दुवा जोडलेला होता. ज्याने चित्रपट पाहिला होता, त्याला तो आठवे. न पाहिलेल्याला पाने वाचत थांबावे लागे. घर बघण्याचे काम संपून चित्रे बघण्याचे काम सुरू झाले होते. तरीही रचनाकारांना जुन्या घराची जाण होती. पायथ्याच्या छावणीतल्या ग्रामोफोनवर तीच ‘स्विसकापोल्का’ त्यांनी चालू ठेवली. कुटुंब गेले तरी त्यांचे संगीत पुढची बावीस वर्षे त्या झाडाखाली वाजत राहिले.

सप्टेंबर २०२१ मध्ये टारझनचे घर बंद झाले. पुढच्या वर्षी झुलता पूल आणि बुटके झाड काढून टाकण्यात आले, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वृक्षघर तिसऱ्यांदा उघडले. या वेळी कुठल्याही नव्या चित्रपटाची जाहिरात त्याला चिकटवलेली नाही. डिस्नेने ते ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’पासून प्रेरित असल्याचे सांगितले, पण घर रॉबिन्सनांचेच आहे असे म्हटलेले नाही. राहतात ते एक निनावी कुटुंब : संगीतप्रेमी आई, चित्रकार वडील, निसर्गाचे वेड असलेली मुले आणि तारे पाहणारी किशोरवयीन मुलगी. आईची संगीताची खोली, मुलांची प्राणी-वनस्पतींनी भरलेली खोली आणि मुलीचा खगोल-माळा हे वर झाडात. स्वयंपाकघर, जेवणघर आणि वडिलांची चित्रशाळा खाली जमिनीवर. प्रवेश पुन्हा एका भव्य पाणचक्कीजवळून होतो. पुतळे गेले आहेत, ऑर्गन परत आला आहे आणि त्यावर पुन्हा तीच धून आहे.

हा बदल नुसत्या स्मरणरंजनातून झाला, असे म्हणणे त्याला न्याय देणार नाही. १९६२ च्या घरात खोल्या नात्यांनुसार होत्या : आईवडिलांची, मुलांची. २०२३ च्या घरात त्या छंदांनुसार आहेत. दुर्बीण, तारकांचे नकाशे आणि टेबलावरचे कागद पाहिले, की वर राहणाऱ्या मुलीबद्दल बरेच काही कळते, तेही तिचा चेहरा कुठेही न दाखवता. मुलींना मूळ घरात फारशी जागा नव्हती, हेही यात भरून निघाले. माझ्या दृष्टीने तिन्ही रूपांत हे सर्वांत विचारपूर्वक केलेले आहे.

जुन्या वॉकथ्रूच्या काही अडचणी मात्र कथा बदलून सुटत नाहीत. सर्वांत मोठी जिन्यांची. काँक्रीटच्या खोडाभोवती वळत जाणाऱ्या अरुंद पायऱ्यांवर चाकाची खुर्ची जाऊ शकत नाही आणि अशा सांगाड्यात लिफ्ट बसवायला जागाच नाही. टारझनच्या काळात पायथ्याच्या छावणीने यावर थोडा उतारा काढला होता. २०२३ मध्ये घराच्या तीन महत्त्वाच्या खोल्या जमिनीवर आणल्याने न चढणाऱ्यालाही स्वयंपाकघरापासून चित्रशाळेपर्यंत खरेखुरे घर बघता येते. तारे पाहणाऱ्या मुलीचा माळा त्यांना अजूनही दुरावलेलाच आहे. दुसरी अडचण झिजेची. व्हायनिलची पाने उन्हाने फिकी आणि ठिसूळ होतात, लाकडी पायऱ्या अखंड वर्दळीने घासतात, आणि गाडीच्या आकर्षणात प्रेक्षक जिथवर पोचत नाही, तिथे इथे त्याचा हात पोचतो.

मग असे आकर्षण पाडून नवे का उभारत नाहीत? दीडशे टनांचा, खोल पायाचा सांगाडा दाटीच्या जागेतून काढणे हेच मोठे काम आहे, हे एक. दुसरे असे, की उद्यानाच्या गजबजाटात थोडे वर चढून, कुणीही घाई न करता, चारी बाजूंना पाहायला मिळणारी जागा फार थोडी असते.

इतर जुन्या वॉकथ्रूंचा इतिहासही असाच फिरून मूळ पदावर येताना दिसतो. डिस्नेलँडच्याच स्लीपिंग ब्यूटी किल्ल्यातील पायवाट १९५७ मध्ये चित्रकार आयव्हिंड अर्ल यांच्या शैलीतील देखाव्यांनी सजली होती. १९७७ मध्ये त्या जागी बाहुल्यांसारखी त्रिमितीय दृश्ये आली, २००१ मध्ये ती बंद झाली आणि २००८ मध्ये अर्लच्याच शैलीत पुन्हा उघडली. शिवाय चढू न शकणाऱ्यांसाठी तळमजल्यावर तीच सफर पडद्यावर दाखवणारी खोली करण्यात आली. पेनसिल्व्हेनियातील केनीवुड उद्यानातली ‘नोआज आर्क’ १९३६ ची. १९६९ मध्ये तिला देवमाशाच्या जबड्यातून जाणारे प्रवेशद्वार मिळाले, १९९६ च्या फेरबदलात ते काढले गेले आणि २०१६ मध्ये परत बसवण्यात आले.

डिस्नेच्या अन्य उद्यानांत वृक्षघराची भावंडे आहेत. फ्लोरिडातील १९७१ चे, पॅरिसमधील १९९२ चे आणि टोकियोतील १९९३ चे घर रॉबिन्सन कुटुंबाचेच राहिले. हाँगकाँगचे २००५ चे घर पहिल्यापासून टारझनचे असून तिथे तराफ्यातून पाणी ओलांडून जावे लागते. आपली कथा बदलून पुन्हा मुळाकडे वळलेले वृक्षघर कॅलिफोर्नियाचे एकटेच आहे.